डॉक्टरांचा दाखला आणि कामगाराचा खाडा

ताप उतरला, अंगातला कणकणपणा गेला की आपण पुन्हा एकदा डॉक्टरांकडे जातो आणि म्हणतो, "शाळेत दाखला द्यावा लागेल." डॉक्टर छापील कागदांचा गठ्ठा पुढे ओढतात आणि विचारतात, "किती दिवसांचं लिहू?"

हा प्रश्न आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यातली गंमत ध्यानात येत नाही. थर्मामीटरने रोग्याला "किती ताप दाखवू?" असे विचारले तर आपण ते थर्मामीटर फेकून देऊ. दाखला म्हणजे एका तज्ज्ञाने केलेल्या मोजमापाची नोंद, असे कार्यालय धरून चालते. प्रत्यक्षात तो आकडा पुष्कळदा ज्याचे मोजमाप करायचे तोच सांगत असतो. यात डॉक्टर अप्रामाणिक असतात असे मुळीच नाही. हाड मोडले असेल तर ते क्ष-किरणांच्या चित्रात दिसते, कावीळ डोळ्यांत दिसते. पण पाठ अजून दुखते का, उभे राहून पाच तास घेण्याइतके त्राण अंगात आले का, हे बाहेरून सांगणारे उपकरण आजही कोणाजवळ नाही. डॉक्टर रोगाचे निदान करू शकतात. 'हा माणूस त्याचे काम करू शकेल का?' हा प्रश्न मात्र निदानाचा नाही. त्याचे उत्तर रोगाइतकेच कामावरही अवलंबून असते. बोटाला झालेली जखम शिक्षकाला दोन दिवस त्रास देईल, तबलजीला महिनाभर बसवून ठेवील.

तरीही जगभर मालक, सरकारे आणि विमा मंडळे हा प्रश्न डॉक्टरांनाच विचारत आली आहेत. आजारपणाच्या परिवर्तित रजेसाठी एक कागद आणि परत रुजू होताना तंदुरुस्तीचा दुसरा, असे दोन्ही कागद आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी दिलेले असतील. हा कागद आला कोठून, आणि त्यावर कोणी किती विश्वास ठेवला, हे पाहण्यासाठी दीडशे-दोनशे वर्षे मागे जावे लागेल.

दात पाहून वय

घरी मागावर बसणाऱ्या विणकराला रजा नव्हती, त्यामुळे दाखलाही नव्हता. अंग मोडून आले तर माग बंद, आणि तेवढे कापड कमी. त्याचा हिशेब ज्याचा त्याच्यापाशी. वाफेच्या यंत्रावर चालणारी गिरणी आली आणि ठरावीक वेळी ठरावीक माणूस ठरावीक जागी उभा असणे आवश्यक झाले. तेथून 'हजर' आणि 'गैरहजर' या दोन शब्दांना महत्त्व आले.

कारखान्याने डॉक्टरांकडून मागितलेला सुरुवातीचा एक महत्त्वाचा दाखला आजाराचा नव्हता, वयाचा होता. इंग्लंडच्या १८३३ च्या कायद्याने कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुले कामावर घेण्यास बंदी केली. पण तेथे जन्माची सरकारी नोंद सुरू झाली ती १८३७ मध्ये. मग मूल नऊ वर्षांचे आहे हे ठरवायचे कसे? कायद्याने तोडगा काढला: मुलाची ताकद आणि ठेवण नऊ वर्षांच्या सर्वसाधारण मुलासारखी आहे, असे डॉक्टरने लिहून द्यावे. गरीब आईबापांना मुलाचा पगार हवा होता, गिरणीमालकाला स्वस्त हात हवे होते, आणि डॉक्टरची फी या दोघांच्या मर्जीवर होती. अशा स्थितीत सात वर्षांची मुले भराभर नऊ वर्षांची होऊ लागली, यात नवल नाही. आपल्याकडे निम्म्या गावाचा जन्म १ जूनला कसा झाला, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे समजावून सांगायला नको.

लंडनचे दंतवैद्य एडविन सॉन्डर्स यांनी १८३७ मध्ये सुचवले की उंची किंवा बांध्यापेक्षा दात पाहावेत. कोणता दात कोणत्या वयात येतो याचा क्रम बराच ठरलेला असतो. त्या काळच्या मानाने ही सूचना शास्त्रशुद्ध होती. मोजमाप मर्जीवर सोडण्याऐवजी शरीरातल्याच एका खुणेवर टेकवण्याचा तो प्रयत्न होता. वयाच्या बाबतीत अशी खूण सापडली. थकव्याच्या बाबतीत ती कधी सापडली नाही.

शेजाऱ्यांची पाळत

आजारी पडल्यावर चूल पेटती राहावी म्हणून ब्रिटनमधल्या कामगारांनी परस्पर-साहाय्य मंडळे काढली होती. दर आठवड्याला काही पेन्स भरायचे आणि आजारी पडल्यास मंडळाकडून ठरावीक भत्ता घ्यायचा. आपल्याकडच्या भिशीला आजारपणाची जोड द्यावी, तसा हा प्रकार. मंडळ एखाद्या डॉक्टरला वर्षाच्या ठोक रकमेवर नेमत असे आणि त्याच्या दाखल्यावर भत्ता सुरू होई. पण खरी तपासणी डॉक्टर करत नसे. मंडळाचे सभासदच आळीपाळीने आजारी माणसाच्या घरी जात. भत्ता घेणारा संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात दिसला, किंवा घरी छोटीमोठी कामे करताना आढळला, तर त्याला दंड होई. पैसे सर्वांचे, ओळख सर्वांची. त्यामुळे खोटे बोलणे अवघड जाई. खरोखर आजारी असलेल्यालाही या पाळतीचा जाच होत असणार, हे वेगळे सांगायला नको. आणि ज्यांना आठवड्याचे पेन्स भरणेच जमत नव्हते, त्यांना ना पाळत ना भत्ता.

ही गावपातळीची गोष्ट राष्ट्राच्या पातळीवर प्रथम नेली ती जर्मनीने. चॅन्सेलर बिस्मार्क यांच्या कारकिर्दीत १८८३ मध्ये कामगारांचा सक्तीचा आजार-विमा आला. वर्गणीचा दोन तृतीयांश वाटा कामगाराचा, एक तृतीयांश मालकाचा. आजाराचे पहिले दिवस सोडून निम्म्या मजुरीइतका भत्ता, तेरा आठवड्यांपर्यंत. समाजवाद्यांकडे झुकणारा कामगार सरकारकडे वळावा, हा बिस्मार्क यांचा हेतू लपलेला नव्हता. विमा मंडळे डॉक्टर नेमू लागली, आणि डॉक्टर एका नव्याच पेचात सापडले. समोर बसलेला रोगी त्यांचा, पण पगार देणारे मंडळ वेगळे. १९०० मध्ये लाइपझिगचे डॉक्टर हेर्मान हार्टमान यांनी डॉक्टरांची संघटना उभारली. तिने मंडळांविरुद्ध अक्षरशः संप पुकारले. रोग्याला डॉक्टर निवडण्याचे स्वातंत्र्य असावे, ही तिची एक प्रमुख मागणी होती. या स्वातंत्र्याचा दाखल्याशी काय संबंध, हे समजण्यासाठी इंग्लंडला परत यावे लागेल, कारण तेथे हा प्रश्न सर्वांत उघडपणे मांडला गेला.

१९१३: बिघडलेला हिशेब

अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी १९११ मध्ये राष्ट्रीय विमा कायदा आणला. पुरुष कामगाराने आठवड्याला ४ पेन्स भरायचे, मालकाने ३ आणि सरकारने २. '४ पेन्सांत ९ पेन्स' अशी त्याची जाहिरात झाली. आजारी पडल्यास चौथ्या दिवसापासून पुरुषाला आठवड्याला १० शिलिंग, स्त्रीला साडेसात शिलिंग, २६ आठवड्यांपर्यंत. एक कोटीहून अधिक कामगार एका झटक्यात या योजनेत आले. डॉक्टरांच्या संघटनेने आधी बहिष्काराची शपथ घेतली. सरकारने मोबदला वाढवला आणि जानेवारी १९१३ मध्ये बहिष्कार कोसळला. डॉक्टरांची यादी, म्हणजे पॅनेल, तयार झाले. कामगाराने यादीतला हवा तो डॉक्टर निवडायचा आणि डॉक्टरला त्याच्याकडे नोंदलेल्या माणशी वर्षाची ठरावीक रक्कम मिळायची.

आता यातले यंत्र पाहा. भत्ता मिळण्याची कायदेशीर अट अशी होती की विशिष्ट रोगामुळे किंवा शारीरिक वा मानसिक विकलतेमुळे माणूस काम करण्यास असमर्थ झालेला असावा. हे ठरवणारा डॉक्टर. भत्ता देणारी मान्यताप्राप्त मंडळे, म्हणजे तिसरेच. दाखला देण्यात हात आखडता घेणाऱ्या डॉक्टरच्या यादीतली माणसे शेजारच्या डॉक्टरकडे जाऊ शकत. मोकळ्या हाताने दाखला दिला तर डॉक्टरच्या खिशाला काही झळ लागत नसे. मंडळे म्हणू लागली, "खर्च आमचा, सही तुमची." डॉक्टरांचे उत्तर असे, की ते रोग्याचे वैद्य आहेत, मंडळाचे फौजदार नव्हेत. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते.

योजना सुरू होऊन वर्ष उलटण्याच्या आतच हिशेब बिघडला. भत्त्याचे अर्ज अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त येऊ लागले, विशेषतः स्त्रियांचे, आणि त्यातही विवाहित कामगार स्त्रियांचे. वर्तमानपत्रांतून आजाराच्या सोंगाची चर्चा सुरू झाली. सर जॉन कॉली या डॉक्टरांचे आजाराचे सोंग ओळखण्यावरचे जाडजूड पुस्तक नेमके १९१३ मध्येच निघाले, हा योगायोग म्हणता येत नाही. सोंगाड्यांना कसे पकडावे याच्या युक्त्या त्यात आहेत. आज ते पुस्तक चाळताना वाटते, की रोग्याकडे आधीच संशयाने पाहायचे ठरवले, तर प्रत्येक लक्षण पुरावा ठरते. वेदना तीव्र सांगितली तर अतिशयोक्ती, सौम्य सांगितली तर मग रजा कशाला?

सरकारने १९१३ मध्येच क्लॉड शुस्टर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. १९१४ मध्ये तिचा अहवाल आला. कामगार स्त्रियांच्या संघटक मेरी मॅकार्थर समितीवर होत्या आणि त्यांनी आपले वेगळे मतही नोंदवले.

येथे थोडे थांबून हा 'अपेक्षेपेक्षा जास्त' आकडा कशापेक्षा जास्त होता ते पाहू. विमागणितज्ञांनी आपला अंदाज मुख्यतः मँचेस्टर युनिटी या मोठ्या परस्पर-साहाय्य मंडळाच्या १८९३ ते १८९७ या पाच वर्षांच्या नोंदींवर बांधला होता. अॅल्फ्रेड वॉटसन यांनी त्या नोंदींचे अत्यंत काटेकोर विश्लेषण केले होते; गणितात चूक नव्हती. पण मंडळाचे सभासद होते बहुतांशी पुरुष, त्यातही नियमित पगाराचे कुशल कारागीर. प्रवेश देताना प्रकृती पाहून घेतलेले. गिरणीत, धुलाईघरात किंवा शिवणकामावर राबणाऱ्या, घरी येऊन पुन्हा चूल-मूल सांभाळणाऱ्या, आणि घासातला चांगला घास नवऱ्याला वाढून उरलेले खाणाऱ्या बाईच्या आजारपणाची आकडेवारी देशात जवळपास नव्हतीच. म्हणजे नमुना निवडण्यातच खोट होती. वर्गात संख्याशास्त्र शिकवताना पक्षपाती नमुन्याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

चौकशीत दिसले ते असे. जाणूनबुजून केलेली लबाडी फारशी आढळली नाही. दाखल्यांवर 'रक्तक्षय', 'अशक्तपणा', 'पोटाचा विकार' असे ढोबळ शब्द होते, आणि काही डॉक्टर फारशी तपासणी न करता सही करत होते हेही खरे. गरोदरपण हा आजार धरायचा की नाही, यावर मंडळांचे एकमत नव्हते. एकाच अवस्थेतल्या दोन बायकांपैकी एकीला भत्ता मिळे, दुसरीला नाही. पण मुख्य गोष्ट ही होती की त्या बायका खरोखर आजारी होत्या. वर्षानुवर्षे होत्या. आधी पैशाअभावी त्या डॉक्टरांकडे जात नव्हत्या आणि कामावर खाडा परवडत नव्हता, म्हणून त्यांचे आजारपण कोणाच्या वहीत चढले नव्हते. दाखल्यामुळे ते प्रथमच मोजले गेले, आणि मोजलेला आकडा मोठा निघाल्यावर तो खोटा असणार असे बऱ्याच जणांनी ठरवून टाकले. स्त्रियांच्या सहकारी गिल्डने १९१५ मध्ये कामकरी स्त्रियांची बाळंतपणाविषयीची पत्रे प्रसिद्ध केली. घरोघरी काय चालले होते याची कल्पना लोकांना त्यातून आली.

एवढे होऊनही धडा घेतला गेला असे म्हणता येत नाही. वीस वर्षांनी मंदीच्या काळात विवाहित स्त्रियांचे अर्ज पुन्हा वाढले, आणि १९३२ च्या कायद्याने उपाय काढला तो त्यांचा भत्ता कमी करण्याचा. नोकरी न करणाऱ्या गृहिणी तर या विम्यात कधीच नव्हत्या. १९३९ मध्ये मार्जरी स्प्रिंग राइस यांनी १,२५० कामगार गृहिणींच्या पाहणीवर पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांच्या आजारपणाचा डोंगर नजरेस आला. त्यांना मोफत डॉक्टर मिळाला १९४८ मध्ये, राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाल्यावर.

डॉक्टरावर डॉक्टर

दाखल्यावर विश्वास नसेल तर काय करावे? एक उपाय म्हणजे डॉक्टरावर दुसरा डॉक्टर नेमणे. ब्रिटनने १९२० नंतर सरकारी विभागीय वैद्यकीय अधिकारी नेमले. मंडळाला शंका आली की कामगाराला त्यांच्याकडे फेरतपासणीला पाठवायचे. बोलावणे आले की बरेच कामगार तपासणीला न जाता कामावरच हजर होत. अधिकाऱ्यांना यात सोंगाचा पुरावा दिसे. पण भत्ता बंद होईल या धास्तीने अर्धवट बरा झालेला माणूसही हेच करील. नुसत्या आकड्यावरून या दोहोंतले खरे कोणते ते कळत नाही.

हाच उपाय वाईट हातात पडला तर काय होते, ते जर्मनीत दिसले. नाझी सत्तेवर आल्यावर एप्रिल १९३३ च्या आदेशाने ज्यू आणि समाजवादी डॉक्टरांना आजार-विम्याच्या यादीतून काढण्यास सुरुवात झाली. दाखले तपासणाऱ्या डॉक्टरांचे अधिकार वाढवले गेले. युद्धकाळात कारखान्यांत नेमलेल्या डॉक्टरांचे काम गैरहजेरी खाली आणणे हेच होऊन बसले. दाखला देणारा कोणाचा नोकर आहे, यावर त्याचे 'मोजमाप' किती बदलते, याचे हे टोकाचे उदाहरण.

युद्धानंतर पश्चिम जर्मनीत कामगारांनी प्रश्न वेगळ्या बाजूने धरला. कचेरीतल्या पगारदाराला आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार मिळे. त्याच कंपनीतल्या यंत्रावरच्या कामगाराला पहिले तीन दिवस काहीच नाही आणि पुढे मजुरीच्या निम्मे. रोग एकच, डॉक्टर एकच, दाखल्याचा कागदही एकच! २४ ऑक्टोबर १९५६ रोजी श्लेस्विग-होल्श्टाइन प्रांतातल्या गोद्या आणि धातुकारखान्यांतल्या कामगारांनी संप केला. हळूहळू सुमारे ३४,००० कामगार त्यात उतरले. भर हिवाळ्यात ११४ दिवस तो चालला. पगारवाढीसाठी लांबलेले संप पुष्कळ आहेत. आजारपणातल्या पगारासाठी एवढा चिवट संप क्वचितच झाला असेल. १९५७ च्या कायद्याने निम्मेअधिक मागणी मान्य झाली आणि १९६९ च्या कायद्याने कामगारालाही सहा आठवड्यांचा पूर्ण पगार मिळाला.

मुंबईचे मस्टर

आता आपल्याकडे येऊ. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारला दिले. रविवारची सुट्टी त्यातूनच पुढे आली, हे आपण मुलांना सांगतो. त्याच निवेदनातली एक मागणी मात्र सहसा सांगितली जात नाही: गिरणीत काम करताना गंभीर इजा झाली तर बरा होईपर्यंत कामगाराला पूर्ण पगार मिळावा, आणि तो कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. जर्मनीचा विमा कायदा तेव्हा एक वर्षाचा होता. लोखंडे यांची मागणी इजेपुरती होती. आजारपणाच्या पगाराची कल्पना मुंबईत अजून फार दूर होती.

मग आजारी गिरणी कामगार करायचा काय? तो गावी जायचा. कोकणात किंवा घाटावर, घरच्या माणसांत. त्याच्या जागी बदली कामगार उभा राही. मस्टरवर आजार लिहिला जात नसे, लिहिला जाई खाडा. हिवताप असो, क्षय असो की भावाचे लग्न, मस्टरला सारे सारखेच. त्यामुळे गिरणीच्या वहीत 'कामगारांची बेशिस्त' भरपूर सापडते आणि कामगारांचा आजार जवळजवळ सापडत नाही. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशनने १९३१ मध्ये हिंदुस्थानातल्या कामगारांविषयी मोठा अहवाल दिला, ना. म. जोशी त्याचे एक सभासद होते. आजार-विमा हवा, पण कामगारांच्या आजारपणाची विश्वसनीय आकडेवारीच नाही, ही अडचण तेथे आली. दाखला नाही म्हणून आकडे नाहीत, आकडे नाहीत म्हणून विमा नाही, आणि विमा नाही म्हणून दाखला घेण्याची गरज नाही.

हे चक्र तोडायला दुसरे महायुद्ध यावे लागले. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये आरोग्य-विम्याची योजना सादर केली. तिच्या आधारे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली आणि १९५४ मध्ये ती मुंबईत आली. गिरणगावात तिला सगळे 'ईएसआय' म्हणत. मुंबईत इंग्लंडसारखीच पॅनेलची पद्धत स्वीकारली गेली. चाळीजवळचा खाजगी डॉक्टरच विम्याचा डॉक्टर झाला. पहिला दाखला, मधला दाखला, शेवटचा दाखला अशी कागदांची साखळी आली. भत्ता घेताना कामगाराने उपचार चालू ठेवावेत, परवानगीशिवाय गाव सोडू नये, फेरतपासणीला नकार देऊ नये, अशा अटी होत्या. यातली गाव न सोडण्याची अट गिरणी कामगाराला किती जाचली असेल, याचा विचार करून पाहावा. आजारी पडल्यावर गावी जायचे ही त्याची आजवरची रीत होती. दुसऱ्या बाजूला, आजारपणाचा भत्ता चालू असताना मालकाने कामगाराला कामावरून काढू नये, असे संरक्षणही याच कायद्याने दिले. एका साध्या कागदाने खाडा आणि आजार यांत कायदेशीर भिंत उभी केली. ज्याच्या जागेवर दुसऱ्या दिवशी बदलीवाला उभा राहत असे, त्याच्यासाठी ही भिंत रोख भत्त्याइतकीच मोलाची होती.

डॉक्टर सैल हाताने दाखले देतात, या तक्रारी येथेही झाल्या. नसत्या झाल्या तरच आश्चर्य.

सम तारीख, विषम तारीख

दाखल्याची अट सैल केली तर काय होते, हे प्रयोगाने तपासता येईल का? स्वीडनमध्ये १९८८ च्या उत्तरार्धात तसा प्रयोग झाला. तेथे आजारपणाच्या सात दिवसांनंतर डॉक्टरांचा दाखला लागे. गोथेनबर्ग शहरात आणि येम्टलान्ड प्रांतात सम तारखेला जन्मलेल्यांना ही मुदत चौदा दिवस करून दिली. विषम तारखेच्या लोकांना जुनाच नियम. जन्मतारीख सम की विषम याचा प्रकृतीशी संबंध नसतो, म्हणून दोन्ही गट तुलनेला योग्य. पुढे अभ्यासकांनी नोंदी तपासल्या. विषम गटातली पुष्कळ आजारपणे दाखल्याची वेळ येण्याच्या सुमारास संपत होती, सम गटातली अधिक लांबत होती. ज्यांचे बरेच सहकारी सम गटात होते, त्यांच्याही रजा काहीशा लांबल्या.

म्हणजे दाखला लोकांना आवरतो, असे काहींनी म्हटले. तसे तो करतो हे खरेच. पण नवव्या दिवशी घरी असलेला सम तारखेचा माणूस आळशी होता, की आठव्या दिवशी कामावर गेलेला विषम तारखेचा माणूस अजून खोकत होता? प्रयोग सुंदर असला तरी त्याचे उत्तर त्यात नाही.

त्याऐवजी दुसरा एक अभ्यास पाहू. ब्रिटनमध्ये १९८२ पासून पहिल्या सात दिवसांसाठी कामगाराने स्वतःच लिहून द्यायचे असा नियम आहे. पुढे डॉक्टरांचा दाखला लागतो. लंडनच्या सुमारे दहा हजार सरकारी कर्मचाऱ्यांची प्रकृती १९८५ पासून वर्षानुवर्षे पाहिली जात आहे. 'व्हाइटहॉल २' या नावाने हा अभ्यास ओळखला जातो. २००३ मध्ये त्यातला एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दहा वर्षांत पाचांहून अधिक वेळा डॉक्टरांच्या दाखल्यावर रजा घेतलेल्या पुरुषांत मृत्यूचे प्रमाण, अशी एकही रजा न घेतलेल्या पुरुषांच्या ४.८ पट होते. या हजारो दाखल्यांत काही ढिलाईचे असणार, काहींवर "किती दिवसांचं लिहू?" विचारूनच आकडा पडला असणार. तरीही ते एकत्र ठेवले, तर कोण आधी मरणार हे त्या ढिगातून दिसत होते. एकेक दाखला कच्चा, पण हजार दाखल्यांची बेरीज बरीच पक्की. अनेक मापांच्या सरासरीत सुट्या चुका कशा विरतात, हे आपण प्रयोगशाळेत शिकवतोच. मात्र मापन करणाऱ्यावर एकाच बाजूने दाब असेल, तर ती चूक सरासरीने जात नाही. जर्मनीतल्या कारखान्याच्या डॉक्टरांचे हजार दाखले एकत्र केले असते, तर कामगार ठणठणीत असल्याचेच दिसले असते.

कागद पुढेही बदलत गेला. ब्रिटनने २०१० मध्ये 'आजारी' दाखल्याच्या जागी नवा नमुना आणला. त्यात डॉक्टर 'काम करू शकत नाही' किंवा 'कामात असे फेरफार केल्यास करू शकेल' असे लिहू शकतात. कामाची बाजू निदान कागदावर तरी आली. २०२२ पासून परिचारिका, भौतिकोपचारतज्ज्ञ वगैरेंनाही सहीचा अधिकार मिळाला. जर्मनीत २०२३ पासून मालक हा दाखला विमा मंडळाकडून संगणकावर मागवतो. आपल्याकडे १९४८ चा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आणि ही संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. पण आपले बहुसंख्य कामगार, शेतमजूर, बांधकामावरचे मजूर, घरकाम करणाऱ्या बायका, आजारी पडल्यावर कोणाला दाखला देत नाहीत, कारण तो मागणारे कोणी नाही. त्या दिवशी न आलेल्या मोलकरणीच्या नावापुढे आजही कॅलेंडरवर फुली पडते, आणि तिला आपण खाडाच म्हणतो.

एक प्रकल्प शाळेतच करून पाहता येईल. हजेरीपटांतून, नावे झाकून, गेल्या पाच वर्षांतल्या मुलांच्या गैरहजेरीचा महिनावार आलेख नववी-दहावीच्या मुलांना काढू द्यावा. जुलै-ऑगस्टमध्ये रेषा कोठे जाते, बाजाराच्या दिवशी काय होते, पेरणी, काढणी आणि ऊसतोडणीच्या हंगामात काय होते, हे पाहावे. मग मुलांना विचारावे, की यातला ताप किती, शेतीचे काम किती आणि कंटाळा किती, हे हजेरीपटावरून ओळखता येईल का. येत नसेल, तर त्यासाठी कोणती नोंद ठेवावी लागेल आणि ती कोणी ठेवावी? शेवटच्या प्रश्नावर मुलांत वाद होईल. तो होऊ द्यावा.